वहिनीचा उजवा पाय

माझी वहिनी गाडी शिकवते. आमच्या भागात ज्या बायका गाडी चालवतात त्यातल्या निम्म्या तिच्या हाताखालून गेल्यात, आणि ज्या चालवत नाहीत त्यातल्या बऱ्याचशा तिच्या हाताखालून पळून गेल्यात. मी तिची नणंद. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात फोनपाशी मी बसते. कुणाला कधी बोलवायचं ते ठरवते आणि जी मंडळी रडवेली होऊन गाडीतून उतरतात त्यांना पाणी देते. स्कूल माझ्या भावानं काढलेलं. तो गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाका. वहिनीनं कुणाचं ऐकलं नाही, सरळ शिकवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसली. तिची ही जिद्द मला पहिल्यापासून मान्य आहे. बाकी तिच्याबद्दल इथं जे सांगणार आहे ते मी तिच्या तोंडावरही सांगते. मागून बोलायची मला सवय नाही आणि गरजही पडत नाही.

आता, शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणारा गोंधळला, समोरून काही आलं, तर शिकवणाऱ्यानं दाबायचा. 'तर' दाबायचा, म्हणजे फक्त अडीअडचणीला. वहिनीचा उजवा पाय त्या ब्रेकवर घर करून राहिला होता. लांबवर कुत्रं दिसलं की दाब. सायकलवाला दिसला की दाब. सिग्नल लाल व्हायच्या बेतात असला की दाब. शिकणारा बिचारा आपला पाय उचलेपर्यंत गाडी थांबलेली असायची. वर पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू, की डोळे कुठे होते, घरी ठेवून आलात का. पाठीमागे लोक तिला ब्रेकबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. ती म्हणायची, म्हणू देत, माझ्या गाडीवर आजवर एक ओरखडा नाही.

ओरखडा नव्हता हे खरं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरातच होता. वहिनीची एकुलती एक लेक, माझी भाची, लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली.

भाची गुरांची डॉक्टर आहे. कॉलेज संपल्यावर तिला हवी तशी नोकरी मिळाली. लांबलांबच्या गोठ्यांवर जायचं, गाय अडली की धावायचं. पोरगी लहानपणापासून हेच म्हणत आली होती, दुसरं काही तिच्या डोक्यात कधी आलंच नाही. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. त्यांनी थोडी मुदत दिली होती, पण दोनदा नापास झाल्यावर साहेबांनी स्पष्ट सांगितलं, की पुढच्या परीक्षेला पास झालात तर या, नाहीतर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल.

दोन्ही वेळा ती एकाच ठिकाणी गडबडली. उतार संपतो तिथं पायी चालणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे आहेत. माणूस रस्ता ओलांडतोय, हिला दिसतंय, आणि गाडी तशीच पुढे. दोन्ही वेळा परीक्षकानं त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. दुसऱ्या खेपेला त्यानं तिला विचारलं म्हणे, की बाई, गाडी आपोआप थांबायची वाट बघत होतात का?

त्या संध्याकाळी पोरगी घरी आली, चप्पल काढली आणि दारातच उभी राहिली. वहिनीनं नेहमीप्रमाणे सुरू केलं, की पट्टे दिसले नाहीत का, हजारदा सांगितलं होतं. भाचीनं तिला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "आई, एक सांगशील? आजवर तिथं गाडी मी थांबवत होते, की तू?"

वहिनीला उत्तर माहीत होतं. मला माहीत होतं. खरं तर मागच्या सीटवर बसलेल्या कुणालाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी ती ठरवून गाडीत बसली, की आज पाय उचलायचाच नाही. दुपारी परत आली ती कपाळाला हात लावून. म्हणाली, वन्सं, मी ठरवते आणि पाय ऐकतच नाही. दाबल्यावर मला कळतं की दाबला. मी सुचवलं, सरळ आहे, पोरीला दुसऱ्या स्कूलमध्ये घाल. तर तिथं परीक्षेपर्यंत जागा नव्हती. मग म्हटलं, दुसरा ब्रेकच काढून टाकू मेकॅनिककडून. त्यावर मात्र ती माझ्यावर खेकसली, की उद्या खरंच कुणी आडवं आलं तर काय तुमचं रजिस्टर आडवं घालू? ब्रेक हवाच, पाय हवाच, फक्त हवा तेव्हा हवा. बोलणं खरं होतं, म्हणून मी उलट उत्तर दिलं नाही. असं क्वचित होतं.

यावर तोडगा काढला सिस्टरनी. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्सबाई. मुलं लांब, नवरा नाही, आणि उतारवयात गाडी शिकायला आलेल्या. वहिनीच्या ओरडण्याचा यांच्यावर काडीचा परिणाम व्हायचा नाही. हसून म्हणायच्या, मॅडम, मी ऑपरेशनच्या खोलीत सर्जनची बोलणी खाल्लीत, तुमचं तर लोणी आहे. वहिनीनं त्यांना आपली अडचण सांगितली. सिस्टर म्हणाल्या, तुमची भीती आणि तुमचा पाय यांच्यामध्ये जागाच उरलेली नाही, ती करायला लागेल. कशी, तर रोज सकाळी थोडा वेळ गप्प बसायचं. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं. मन दुसरीकडे गेलं की परत आणायचं. झालं.

मला हसूच आवरेना. वहिनी आणि गप्प! अहो, ही बाई झोपेत सुद्धा लोकांना गिअर बदलायला सांगते. मी म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आठ दिवसांत गुंडाळशील. ती म्हणाली, बघा हं वन्सं. त्या "हं"चा अर्थ मला कळायला हवा होता. स्कूल विकायचं नाही म्हणाली होती तेव्हाही असाच "हं" लावला होता.

ऑफिस आमच्या घराला लागूनच, आणि त्यामागे एक छोटी खोली आहे. जुने टायर, जादा खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते. तिथं पहिला विद्यार्थी यायच्या आधी ती बसायला लागली. पहिल्या दिवशी मांडी घालून, कारण ध्यान म्हणजे मांडी असं तिच्या डोक्यात. थोड्या वेळानं "अगं आई गं" करत बाहेर आली, दोन्ही पायांना मुंग्या. दुसऱ्या दिवशी उशी घेतली. मग भिंतीला टेकली, तर घोरल्याचा आवाज मला इकडे ऑफिसात ऐकू आला. बाहेर आली तेव्हा चेहरा एकदम प्रसन्न. म्हणाली, आज मन अगदी शांत होतं. मी म्हटलं, हो, शांततेचा आवाज येत होता.

सिस्टरनी सांगितलं, खुर्चीवर बसा, जशा गाडीत बसता तशा. आणि तिथंच सगळं उघडं पडलं. खुर्चीवर बसली, डोळे मिटले, आणि तिचा उजवा पाय फरशीवर दाबायला लागला. मी दारातून बघत होते. बाई बसलीय खोलीत, समोर टायर, आणि पाय ब्रेक दाबतोय. मी सांगितलं तर तिला पटेना. मी कशाला दाबू, म्हणाली. मग मी कचऱ्यातली पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली आणली, ती पातळ, हात लावला तरी कुरकुरणारी, आणि तिच्या पायाखाली ठेवली. म्हटलं, आता बस.

कर्र.

तिनं डोळे उघडले. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा मिटले. कर्र. मग विचारलं तर म्हणे, मनात उतारावरचे पट्टे आले होते. आधीच्या वेळी आला होता शाळेसमोरचा चौक. ती ज्या ज्या गोष्टीला घाबरत होती तिथं तिथं पाय जात होता, खोलीत बसल्याबसल्या. एवढी खमकी बाई, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, वन्सं, मी दिवसभर हेच करते का हो? मी म्हटलं, हो. खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या ऑफिसात कर्र कर्र सुरू. फोनवर बोलताना मला लोक विचारायचे, उंदीर झालेत का. मी म्हणायचे, हो, मोठा आहे, गाडी शिकवतो.

भाचीला मात्र हे सगळं असह्य होत होतं, आणि मी तिला दोष देणार नाही. परीक्षा जवळ येत होती आणि वहिनीनं तिचे धडे बंद ठेवले होते. म्हणाली होती, जरा थांब, आत्ता माझ्याबरोबर बसलीस तर पुन्हा तेच शिकशील. पोरगी मैदानात एकटीच मागे-पुढे करायची, त्यात काय होणार? एका सकाळी ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आईला म्हणाली, की माझी नोकरी जायची वेळ आली आणि तू बाटलीवर पाय ठेवून डोळे मिटून बसलीयस. रागानं बोलली, पण आवाज फुटला होता. वहिनीनं डोळे उघडले नाहीत. बाटली मात्र एवढ्या जोरात वाजली की फुटली. भाची निघून गेली. मला वाटलं, संपलं, आता ही उठणार, खुर्ची लाथाडणार, आणि उद्यापासून पुन्हा ब्रेकबाई. खरं सांगायचं तर मनातून मी तयारीही केली होती काय बोलायचं त्याची.

वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, "दुसरी बाटली द्या."

अडचण एवढीच नव्हती. ती स्वतःलाही तशीच शिकवत होती जशी विद्यार्थ्यांना. मन इकडेतिकडे गेलं की आतल्या आत ओरडायची, लक्ष कुठे आहे, शंभरदा सांगितलं. मग घाबरून श्वास रोखून धरायची आणि पाय असा आवळायची की पोटरीत गोळा यायचा. बाटली वाजायची नाही, पण बाईच्या कपाळावर घाम. सिस्टरना हे कळल्यावर त्या गाडीत बसता बसता म्हणाल्या, मॅडम, पायाला बांधून ठेवायचं नाहीये, पाय निघाला की तुम्हाला आधी कळायला पाहिजे, एवढंच. आणि मनाला ओरडू नका. पळून गेलेलं लेकरू हाताला धरून आणतो तसं आणा. मन दहादा गेलं तर दहादा आणा, त्यालाच सराव म्हणतात. वहिनी हे घोकत बसायची. विद्यार्थ्यावर ओरडायला तोंड उघडायची आणि तसंच मिटायची. एका माणसानं तर मला येऊन विचारलं, मॅडमना बरं नाही का?

हळूहळू कर्र कमी झालं. मला कबूल करावं लागतंय, पण झालं. आधी मी फोन ठेवेपर्यंत चार-पाचदा वाजायचं, मग एखाददा, मग कधीकधी वाजता वाजता राहायचं. मला ते ऐकू यायचं, बाटलीचा एक बारीकसा आवाज, पाय टेकला पण दाबला नाही असा. ती म्हणायची, आज कळला हं वन्सं, निघताना कळला. चेहरा असा, जणू पोरगी वर्गात पहिली आली.

गाडीतही फरक पडला. सिस्टर चढावर गाडी बंद पाडायच्या, ती मागे सरकायची, की आधी वहिनीचा पाय पडायचा. एक दिवस मात्र पडला नाही. सिस्टरनी स्वतःच हँडब्रेक ओढला आणि म्हणाल्या, अय्या, हा इथं असतो होय? आणखी एक नियम वहिनीनं स्वतःला घालून घेतला. खरंच गरज पडून तिनं ब्रेक दाबला की मोठ्यानं सांगायचं, "हा माझा." एकदा एक टेम्पो गल्लीतून उलटा आला तेव्हा तिनं दाबला, बरोबर वेळेवर दाबला, आणि सांगितलं, हा माझा. शिकणाऱ्याला कळलं की बाकी सगळे आपले. त्यातले दोघं-तिघं एकदम सुधारले. मी रजिस्टरवरून सांगत नाहीये, चेहऱ्यावरून सांगतेय. पाणी द्यायचं काम कमी झालं होतं.

मग एका सकाळी खोलीतून काहीच आवाज आला नाही. मी कान लावला, घोरणंही नाही. वहिनी बाहेर आली, भाचीला हाक मारली आणि म्हणाली, चल, गाडी काढ.

पोरगी फुगलेली होती, पण किल्ली घेतली. मी मागे बसले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. वहिनीनं काय केलं तर तीच बाटली चेपून स्वतःच्या बाजूच्या ब्रेकवर दोऱ्यानं घट्ट बांधली आणि वर पाय ठेवला. भाचीनं बघितलं. रोज सकाळी भिंतीपलीकडून तो आवाज ऐकून तिचे कान किटले होते, तिला सांगायला नको की हे काय आहे. वहिनी म्हणाली, "वाजली तर मी थांबवली. नाही वाजली तर तू. आता विचारायला नको."

निघालो. सुरुवातीला सगळं सरळ होतं. मी मागून वहिनीचा गुडघा बघत होते, दुसरं काही बघितलंच नाही. शाळेसमोर एक पोरगं चेंडूमागे रस्त्याच्या कडेपर्यंत आलं. गुडघा थोडा हलला. मला वाटलं, गेला. तिनं लांब श्वास सोडला, मला मागे ऐकू आला, आणि गुडघा पुन्हा सैल झाला. भाचीनं वेग कमी केला होता. पोरगं चेंडू घेऊन परत गेलं.

मग उतार. खाली पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांवर एक म्हातारे गृहस्थ, हातात काठी, पाऊल मोजून टाकत. गाडी उताराला लागली. मी तर देवाचं नाव घेतलं, मला ध्यानबिन काही येत नाही. वहिनीचे दोन्ही हात मांडीवर होते, मुठी नाहीत, उघडे. माझ्याच उजव्या पायानं पुढच्या सीटला असा रेटा दिला की वहिनीची सीट हलली.

गाडी थांबली. पट्ट्यांच्या चांगली अलीकडे, अगदी अलगद. म्हाताऱ्यांनी काठी वर करून आमचे आभार मानले आणि रमतगमत पुढे गेले.

भाची समोर बघतच म्हणाली, "आई, बाटली वाजली नाही."

वहिनी म्हणाली, "नाही."

पोरीनं स्टीअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडायला लागली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. वहिनीचे गालही ओले झाले होते, पण आवाज नेहमीचाच, खडा. म्हणाली, "डॉक्टरबाई, रस्ता मोकळा झालाय. लोक खोळंबलेत."

परीक्षेच्या दिवशी आईला मैदानावर येऊ देत नाहीत. वहिनी मागच्या खोलीत जाऊन बसली, आणि महिन्याभरात ऐकलं नव्हतं असं कर्र कर्र कर्र मला ऐकू यायला लागलं. पोरगी तिकडे गाडी चालवत होती आणि ही इकडे टायरांसमोर बसून ब्रेक दाबत होती. मी आत गेले नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला. नंतर ती सांगत होती, की दरवेळी परत आणलं हो मनाला, ओरडले नाही एकदाही. दुपारी भाची आली ती दारातूनच ओरडत आली. तिला कागद दाखवायची गरजच पडली नाही.

आता पोरगी रोज सकाळी गोठ्यांवर जाते. स्वतःची छोटी गाडी घेतलीय, मागच्या सीटवर गमबूट आणि दोरखंड. वहिनी अजून बसते. मी म्हणाले होते, काम झालं, आता कशाला? तर म्हणाली, वन्सं, कुणी गाडी शिकलं म्हणून चालवणं थांबवतं का? पोरीची गाडी फाटकाबाहेर पडते त्याच सुमाराला ती खुर्चीवर बसते, पायाखाली बाटली. आवाज येत नाही. फक्त गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होते ना, तेवढ्यात एकदा वाजते.

मग वहिनी बाहेर येऊन विचारते, वन्सं, आज वाजली का? मी रजिस्टरात डोकं घालून सांगते, मला तर काही ऐकू आलं नाही.